कुऱ्हाडीवरचं कुंकू

नगरच्या सत्र न्यायालयात मी मुद्देमालाचा कारकून होतो. खटल्यांत जप्त केलेल्या कुऱ्हाडी, कोयते, रक्ताळलेले सदरे, सगळं माझ्या खोलीत. लोक नाक मुरडायचे. मुरडा म्हणावं! माझ्याइतकी नेटकी खोली साऱ्या कोर्टात नव्हती. प्रत्येक वस्तूला चिठ्ठी, चिठ्ठीवर नंबर. डोळे मिटून हात घातला तरी हवी ती वस्तू हाती यायची.

खंडेनवमीला कचेरीत टाइपरायटरला, शिक्क्यांना हळदकुंकू वाहायची पद्धत. बाहत्तरच्या आसपासची गोष्ट. मी म्हटलं, माझं पोट ज्यांच्यावर चालतं त्यांनी काय घोडं मारलंय? खोलीतल्या कुऱ्हाडी ओळीनं मांडल्या, हळदकुंकू वाहिलं, संध्याकाळी पुसून जागच्या जागी ठेवल्या. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय.

दिवाळीनंतर कोपरगावकडचा खटला उभा राहिला. पाटाच्या पाण्याच्या पाळीवरून एकानं शेजाऱ्याच्या डोक्यात कुऱ्हाड घातल्याचा आरोप. मी ती कुऱ्हाड नेऊन टेबलावर ठेवली. साक्षीला जखमी माणसाचा भाऊ होता. त्यानं ती निरखली आणि दांडा बसवलेल्या खोबणीत बोट दाखवलं.

"सायेब, रगात आजून हाय बघा."

सगळे वाकून बघायला लागले. सरकारी वकिलांचा चेहरा खुलला. आरोपी पिंजऱ्यात मटकन खाली बसला. पण ते रक्त नव्हतं, माझं कुंकू होतं, वाळून तपकिरी पडलेलं. गप्प बसलो तर त्या माणसाला ते भोवणार; बोललो तर पुराव्याला हात लावला म्हणून माझी नोकरी जाणार. घरी दोन लहान पोरं.

मी उभा राहिलो. "साहेब, ते कुंकू आहे. खंडेनवमीला मीच वाहिलंय."

कोणी हसलंसुद्धा नाही. साहेबांनी चष्मा काढून माझ्याकडं पाहिलं आणि तिथंच माझा जबाब लिहून घेतला. जबाब देताना आवाज कापला नाही, हे छातीवर हात ठेवून सांगतो.

नोकरी वाचली, कडक मेमो मात्र मिळाला. आरोपीला पुढं शिक्षा झालीच, पण ती डॉक्टरांच्या आणि जखमी माणसाच्या साक्षीवर. निकालपत्रात त्या डागाचा आधार कुठंच घेतला नव्हता. मी मेमो घरी नेला आणि बायकोला मोठ्यानं वाचून दाखवला, दोनदा.