त्या काळ्या सीनमध्ये नानांना काय दिसलं

मी धुळ्यात अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो. या ग्रुपवरचे अनुभव मी वाचायचो ते खोड काढायला. कुणी काही लिहिलं की खाली माझी कमेंट ठरलेली – "भास असेल, नीट झोप घ्या." कुणाला वाईट वाटलं असेल तर आज माफी मागतो.

माझे वडील, नाना, इथल्या एका जुन्या टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. प्रोजेक्टर चालवायचे. आता वय अठ्ठ्याहत्तर. काचबिंदूने दोन्ही डोळे गेलेत... उजेड आहे की अंधार, एवढंच कळतं. त्यांच्या काळात एक भुताचा पिक्चर त्यांनी कित्येक आठवडे चालवला होता. गेल्या वर्षी त्याचा रिमेक आला. जाहिरात अशी की हा जुन्यापेक्षा जास्त 'डार्क' आहे. नाना मागेच लागले, घेऊन चल म्हणून. घरी ते अहिराणीच बोलतात: "माले लई चाल. दिखाव नही, पन ऐकसू."

शनिवार, दुपारी तीनचा शो. हॉलमध्ये वीसेक माणसं. खरं सांगायचं तर पिक्चर फसलेला. जुन्यात एका बंद खोलीचा सीन होता, तिथे एक कंदील असायचा, त्याच्या उजेडात जे अर्धंमुर्धं दिसायचं त्यानेच अंगावर काटा यायचा. नव्यात कंदीलच काढून टाकलेला. नुसता अंधार आणि कानठळ्या बसवणारा आवाज. इंटरव्हलच्या आधी तोच खोलीचा सीन आला आणि पडदा काळाकुट्ट झाला. मागून कुणीतरी ओरडलं, "अरे, लाईट तरी लावा!" लोक हसले.

"काहीच दिसत नाहीये, नाना," मी म्हणालो.

"अंधारा कोठे शे? बठ्ठं दिखी राह्यनं."

सगळं दिसतंय म्हणे. मला वाटलं थट्टा करताहेत. पण ते पुढे वाकले होते, तोंड पडद्याकडे. हळू आवाजात सांगायला लागले – खिडकीखाली खाट आहे. खाटेवर कपड्यांच्या घड्या. हिरव्या साडीतली बाई खाली पडलीय, भिंतीकडे तोंड करून. हात हलवतेय...

"तिले कोनी उठाडस का नही?" एकदम मोठ्याने बोलले. पुढच्या रांगेतल्या माणसाने वळून पाहिलं. मी त्यांचा हात दाबला. "नाना, पिक्चर आहे. हळू बोला."

इंटरव्हलला दिवे लागले तेव्हा त्यांचा चेहरा घामाने भिजलेला होता.

"अक्काले फोन लाव."

"का हो?"

"लाव ना, भाऊ."

अक्का म्हणजे माझी मोठी बहीण, सावद्याला दिलेली. नानासुद्धा तिला अक्काच म्हणायचे. भावजी केळीच्या व्यापारात, दिवसभर बाहेर. मी दोनदा फोन लावला, दोन्ही वेळा रिंग वाजून बंद झाली. "दुपारची झोपली असेल," मी म्हणालो. भावजींना फोन करावा, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. नानांना उठायचं होतं. मी त्यांना परत खुर्चीत बसवलं. मीच बसवलं.

शो सुटल्यावर पार्किंगमध्ये भावजींचा फोन आला. त्यांना फक्त "या लवकर" एवढंच म्हणता आलं.

आम्ही पोचलो तोवर अक्काला पुढच्या खोलीत निजवलेलं होतं. अंगावर सकाळी घरात नेसलेलीच हिरवी साडी. डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्तस्राव. शेजारच्या काकूंनी चारच्या सुमारास काहीतरी पडल्याचा आवाज ऐकला होता, मांजर असेल म्हणून सोडून दिलं. भावजी घरी आले साडेपाचला.

मी आत तिच्या खोलीत गेलो. खाट खिडकीखाली होती. दिवाळीला आम्ही गेलो होतो तेव्हा ती दाराशेजारी होती.

"परवाच सरकवली तिने," भावजी मागून म्हणाले. "उकडतं म्हणत होती."

खाटेवर कपड्यांच्या घड्या तशाच.

हिरवी साडी योगायोग म्हणू. पण खाट? अक्कानेच नानांना फोनवर सांगितलं असेल, म्हणून मी त्यांचा मोबाईल तपासला. आठवडाभरात तिचा एकही फोन नव्हता. मग पुढच्या आठवड्यात मी एकटाच जाऊन तो पिक्चर पुन्हा पाहिला. तो सीन आला. पडदा काळा, अगदी काळा. त्यात काही नाही. मी डोळे फाडून बघत राहिलो.

नाना त्या दिवसाबद्दल बोलत नाहीत. परवा सकाळी त्यांच्या डोळ्यांत ड्रॉप्स घालताना मला राहवलं नाही.

"नाना, तिला फार त्रास झाला का?"

त्यांनी रुमालाने डोळे टिपले.

"निदान एवढं सांगा... ती एकटी होती का?"

"एकली कशी?" ते म्हणाले. "मी देखी राह्यंतू ना. शेवटलोंग."

शेवटपर्यंत. म्हणजे इंटरव्हलनंतरही, पडद्यावर दुसरंच काही चाललं असताना, ते तिलाच बघत होते. आणि मी शेजारी बसून त्यांच्या कानात पिक्चरची स्टोरी सांगत होतो.

हे कसं झालं, मला सांगता येत नाही.