येरेमेयची बोटं

सायबेरियातल्या याकुत्स्कमध्ये प्लातोनच्या गॅरेजात मी एकोणीस वर्षं काढली. आता त्या गॅरेजच्या दारावरून जायचं आलं तरी मी वाट बदलतो. जळक्या तेलाचं काय, तो वास अंगात मुरलेला. किळस येते ती माणसांची, आणि त्यात मीही आलो.

येरेमेय स्लेप्त्सोव गिअरबॉक्सवाला. बुटका, तुसडा, चहात साखर न घालता नुसतं दूध ओतणारा. त्याचा एकच नियम होता: दुरुस्त केलेली गाडी एक रात्र बाहेर उघड्यावर ठेवायची, सकाळी स्वतः चालवायची, मगच चावी मालकाला द्यायची.

"आत शेगडीशेजारी कुठलाही गिअरबॉक्स लाडात येतो," तो म्हणायचा. "उणे पन्नासात बोलला तर खरा!"

प्लातोनला, म्हणजे आमच्या मालकाला, हे सोंग वाटायचं. एका गाडीला दोन दिवस गेले की तो पैसे बुडाले म्हणून ओरडायचा.

त्या जानेवारीत कुन्नेयची व्हॅन आली. कुन्नेय गावाकडचे उतारू घेऊन जाते, नवरा नाही, व्हॅनवरच घर चालतं. येरेमेयने गिअरबॉक्स आणि मागच्या चाकांचा धुरा उघडून, नीट बसवून ठेवले. तेल भरायचं राहिलं होतं, ते आल्यावर भरू म्हणून तो जेवायला घरी गेला. थंडीत न थिजणारं पातळ तेल संपलं होतं. प्लातोनने कोपऱ्यातला जाड तेलाचा डबा उचलला, ते तेल पातळ तेलाच्या रिकाम्या डब्यात ओतलं आणि तिथून गाडीत भरलं. माझ्यासमोर. वर मला डोळा मारला.

"बघतोस काय, रोमान? तेल ते तेल."

मी पाना उचलला आणि माझ्या कामाला लागलो. मला नोकरी हवी होती, एवढंच.

परत आल्यावर पातळ तेलाचा डबा पाहून येरेमेयने व्हॅन नेहमीसारखी अंगणात काढून ठेवली. पण सकाळी तो यायच्या आधीच प्लातोनने ती पुन्हा आत घेऊन गरम केली आणि कुन्नेयला चावी दिली. येरेमेय आला तेव्हा जागा रिकामी.

अकराला कुन्नेयचा फोन आला. "येरेमेयदादा, वाटेत चहाला तासभर थांबलो होतो. इंजिन चालूच ठेवलं होतं हो! पण आता चाकं फिरतच नाहीत, नुसती घसटतात. सात माणसं आहेत. हीटर चालवायला पेट्रोल तीन तासांचंच."

आमच्याकडे सगळ्यांची हीच खोड. इंजिन घरघरलं की अख्खी गाडी ऊबदार आहे असं समजतात. मागच्या धुऱ्यातलं तेल मात्र थिजून मेण होतं.

येरेमेयने शेजाऱ्याकडून पातळ तेल मिळवलं, लोखंड तापवायची स्टोव्ह-बत्ती घेतली आणि स्वतःच्या गाडीने निघाला. नव्वद किलोमीटर. तिथे बर्फावर उताणा पडून त्याने धुरा तापवला, जाड तेल काढलं आणि पातळ भरलं. तळाचं बूच जाड हातमोज्यांत धरता येईना, म्हणून मोजे काढले. व्हॅन निघाली. सातही माणसं घरी पोचली. उजव्या हाताची तीन बोटं मात्र काळी पडली आणि डॉक्टरांनी ती काढली.

प्लातोनने दवाखान्यात कोन्याक ब्रँडीची बाटली पाठवली. वर पोचवायला मलाच! लाज नाही म्हणजे किती असावी. आणि मी ती घेऊन गेलो.

येरेमेयने बाटलीकडे पाहिलंही नाही. "रोमान, कुन्नेयच्या व्हॅनमध्ये तेल कुठलं होतं?"

"मला काय माहीत," मी म्हणालो. "मी दुसऱ्या गाडीखाली होतो."

"जाड होतं. हाताला चिकटलं होतं माझ्या." तो शांतपणे म्हणाला. "तेल मला कळलंय रे. तू सांगतोस का, ते बघत होतो."

आणि पट्ट्या बांधलेला हात त्याने पांघरुणात ओढून घेतला.