मावशींनी न घेतलेली नोटीस

फोन आला तेव्हा मी डाळ धूत होते. "काकू, आत्या गेली... झोपेतच," द्वारकामावशींचा भाचा केडगावहून बोलत होता. आणि मी खुळ्यासारखं काय विचारावं? "खोलीचं काय झालं मग?" तो म्हणाला, "कुठल्या खोलीचं?" खरंच, कुठल्या...

नगरच्या जुन्या पेठेतल्या दुमजली इमारतीत सव्वीस वर्षं आम्ही शेजारी भाडेकरू. मावशी एकट्या, साड्यांना फॉल-पिको करायच्या. माहेर पाथर्डीकडचं. आईबाप दरवर्षी ऊसतोडीला जायचे, त्यामुळे लहानपण उसाच्या पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत गेलं. हंगाम संपला की कोपी मोडायची आणि बिऱ्हाड पाठीवर घ्यायचं. "आमी लई उठलो-बसलो, बाई. आता या खोलीतनं मला उचलूनच न्यायचं," असं त्या म्हणायच्या. माझे यजमान चिडवायचे, "मशिनीसकट उचलायचं तर आठ जण लागतील, मावशी!" त्यावर "आवं, गप बसा!" म्हणून त्या पदर तोंडाला लावून हसत सुटायच्या.

मग इमारत धोकादायक ठरली. पालिकेचा माणूस नोटिसा वाटायला येणार असं कळलं, तशा मावशी घाबऱ्याघुबऱ्या माझ्याकडे आल्या. "सही करू का वं?" मी तीस वर्षं शाळेत कारकून. कागदातलं सगळं आपल्यालाच कळतं, हा माझा तोरा. ठणकावून सांगितलं, "अजिबात नाही! सही केली म्हणजे कबूल केलं. कुलूप लावा आणि आठ दिवस गावी भावाकडे जा. नोटीस मिळालीच नाही, तर काढतील कसं?" रजिस्टर पत्र परत पाठवलं की खटला जिंकला असं समजणारी माणसं आपल्याकडे कमी नाहीत. मी त्यातलीच एक. मावशी मुकाट्यानं एसटीत बसल्या.

नोटीस त्यांच्या दाराला चिकटवली गेली. त्याच आठवड्यात खोल्या मोजायला माणसं आली. कोण राहतं, किती जागेत राहतं, याची यादी करायची होती. इमारत पाडल्यावर यादीतल्या भाडेकरूंची तात्पुरती सोय होणार, पुढं नव्या इमारतीत जागाही मिळणार. मावशींच्या खोलीपुढं त्यांनी लिहिलं, 'खोली बंद. भाडेकरू आढळून आला नाही.' मी जिन्यातून ओरडले, "अहो, राहतात त्या! गावी गेल्यात!" "मग समोर आणा," तो साहेब म्हणाला. मावशींचा फोन लागेना. त्या परत आल्या तोवर यादी वर गेली होती.

आणि आमचं? मी भाजी आणायला गेले असताना यांनी नोटिशीची पोच सही करून दिली होती. मी दोन दिवस तणतणले. शेवटी हे वैतागून म्हणाले, "अगं, पोच म्हणजे कागद पोचला, एवढंच. पटला असं कुठं लिहिलंय त्यात?" इतकं साधं... आणि तीस वर्षं मी असल्याच पोचा फायलीला लावत होते! आमचं नाव यादीत पहिलं.

मग मी अर्ज केला, हेलपाटे घातले. लाइट बिल मालकाच्या नावावर, भाड्याची पावती कधी घेतलेली नाही, तुम्ही राहत होता याला पुरावा काय, असं जो तो विचारी. अर्ज तसाच पडून राहिला. मावशींनी मला एका शब्दानं बोल लावला नाही. लावायला हवा होता हो. आमचं सामान टेम्पोत चढत होतं, तेव्हा माझ्या दंडावर हात ठेवून म्हणाल्या, "तुमचं झालं ना? मग बास." शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यानंतर त्या केडगावला भाच्यानं बघून दिलेल्या भाड्याच्या खोलीत गेल्या. तिथं भाच्याशिवाय ना ओळख, ना गिऱ्हाईक.

तेराव्यानंतर भाच्याबरोबर ती केडगावची खोली रिकामी करायला गेले. भिंतीला एक खिळा नव्हता. स्टोव्ह, ताट आणि तांब्या तेवढा बाहेर होता. बाकी सगळी बोचकी टेम्पोतून उतरवली तशीच, गाठी मारलेली. मशीनसुद्धा गोणपाटात.

"हे सोडलं का नाही रे?" मी विचारलं.

"सोडूच देत नव्हती. म्हनायची, काकूनं अर्ज केलाय, तिला कागदातलं कळतं. आज ना उद्या बोलावनं येईल, परत कुठं बांधत बसू?"

मी तिथंच फरशीवर बसले. कशाला हो विश्वास ठेवलात, मावशी... माझ्यावर कशाला ठेवलात?