आगायांची बटणं

बिश्केकच्या गणित संस्थेत बुरुलनं उभी हयात लेख टाइप करण्यात घालवली. गणितातलं मात्र तिला ओ की ठो कळत नव्हतं, आणि हे ती कुणालाही बिनधास्त सांगायची.

एसेनकुल आगाय, म्हणजे तिथले जुने गुरुजी, निवृत्त झाले तरी त्यांची एक सिद्धता अर्धी राहिली होती. त्यात कंपवात जडला. अरे देवा, काय ते हाल! लाटेकमध्ये, म्हणजे संगणकावर गणित मांडायच्या प्रणालीत, लिहायचं म्हणजे मजकूर रशियन अक्षरांत, पण प्रत्येक चिन्हाचा हुकूम इंग्रजी अक्षरांत; सारखी लिपी बदला. आगाय बदलायला विसरायचे आणि अख्ख्या पानाचा कचरा व्हायचा.

"तुम्ही सांगा, मी टाइप करते," बुरुल म्हणाली.

"नाही गं पोरी. बोटं चालली तरच मला सुचतं."

मग तिनं त्यांच्या घरच्या संगणकावरच्या बटणांची कामंच बदलून टाकली. लिपीची कटकट गेली. दोन बटणं एकदम दाबली की लांबलचक समीकरण हजर. आगायांची बायको झूरा आपा चहा ओतताना म्हणाली, "यांना भांडी घासायला लावणारं एखादं बटण बसव की!"

"ते कारखान्यातूनच मोडकं आलंय," आगाय म्हणाले. तिघंही पोट धरधरून हसली.

हिवाळ्यात दोन बटणं एकदम दाबली जाईनात. बुरुलनं एकेका बटणावर एकेक समीकरण बसवलं. मग बोट घसरायला लागलं, तर तिनं शेजारची बटणं मुकी केली. रोग पुढे आणि ही मागे धावतेय. आभाळच फाटलं तर ठिगळ कुठंकुठं लावायचं? रडू यायचं तिला. शेवटची पायरी तेवढी उरली होती. ती लिहून झाली की मी सुटलो, असं आगाय रोज म्हणायचे.

वसंतात एका सकाळी त्यांनी बटण दाबलं. समीकरण पडद्यावर आलं, अगदी बिनचूक. आगाय कितीतरी वेळ बघत राहिले.

"सुंदर आहे. कुणाचं गं हे?"

बुरुल त्यांच्याकडे वळली. "तुमचंच, आगाय."

"असं? मग पुढचं दाब ना."

"पुढचं तुम्ही अजून सांगितलंच नाहीये."

"म्हाताऱ्याची चेष्टा करतेस होय?" ते हसले. "सगळी बटणं तूच बसवलीस. तुला ठाऊक नसेल तर कुणाला? दाब."

झूरा आपा दारातच थबकली. बुरुलनं बोट उचललं, पण ते ठेवायचं कुठं हे तिला कळेना, आणि आगाय पडद्याकडे डोळे लावून वाट बघत बसले.