भाकर आपली, रस्सा गफ्फारचा

अमरावतीच्या जुन्या कॉटन मार्केटजवळ अब्दुल गफ्फार यांचं हॉटेल होतं, तेव्हा त्यावर पाटी नव्हती. मोर्शीकडून, चांदूर रेल्वेकडून कचेरीच्या किंवा दवाखान्याच्या कामाला आलेली माणसं दुपारी तिथं येत, फडक्यात बांधलेली भाकर सोडत आणि फक्त रस्सा मागत. गफ्फारचाचा वाटीभर मटणाचा रस्सा, कांदा आणि एक रिकामी ताटली समोर ठेवत. पैसे रस्स्याचेच. सोमवारी आणि श्रावणात वाटाण्याचा रस्सा असे, तोही वेगळ्या गंजात शिजवलेला.

ही पद्धत त्यांच्या वडिलांनी पाडली. बायकोनं पहाटे थापून दिलेली भाकर कोणी फेकून देत नाही, मग ती कोरडी का खावी, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. भाकर घरची असल्यामुळे काही माणसं आयुष्यात पहिल्यांदा मुसलमानाच्या हॉटेलात बसली, हेही खरं. दुसऱ्या खेपेला ती चहासुद्धा प्यायली, असं गफ्फारचाचा हसत सांगत.

सहावीत शाळा सुटली तेव्हापासून ते चुलीपुढे आहेत. आता वय सदुसष्ट. समोर सोडलेली भाकर पाहून त्यांना बरंच कळत असे. चांदूर रेल्वेचे जानराव जमिनीच्या वाटणीच्या खटल्यासाठी तीस वर्षं दर महिन्याला येत. त्यांची भाकर कडेला चिरलेली दिसली की त्यांची बायको आशाबाई आजारी आहेत आणि सून थापते आहे, हे विचारावं लागत नसे.

दोन वर्षांपूर्वी मालकानं इमारत पाडून तीन मजली दुकानं बांधायचं ठरवलं. भांडण काही झालं नाही. त्यानं आधीपासून सांगितलं होतं, दिवाळीपर्यंत मुदत दिली होती, नव्या इमारतीत पहिल्या मजल्यावर गाळाही देऊ केला होता. पण गुडघे धरून येणारी माणसं जिना चढतील कशाला?

मुलगा फरदीन यानं विद्यापीठाच्या रस्त्यावर जागा पाहिली. काचेचं दार, बारा टेबलं. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. क्लासची मुलं तिकडे राहतात. सातबारा आता मोबाइलवर निघतो. ज्याला यावंच लागतं तो मोटारसायकलवर येतो आणि जेवणवेळेच्या आत घरी परततो. शिदोरी घेऊन येणारे पूर्वी दिवसाला चाळीस असत, ते दहा-बारावर आले होते. गफ्फारचाचांनी हे सगळं मान्य केलं. भिंतींचं त्यांना फारसं वाईट वाटलं नाही. धास्ती एकच होती, की ते दहा-बारा तुटतील.

"वो लोग आना चाहिए," ते फरदीनला म्हणाले. "बाकी तेरी मर्जी."

ती माणसं यावीत म्हणून त्यांनी स्वतःच्या डोक्यानं एक गोष्ट केली. आता सगळे म्हातारे झाले, गाठोडं कशाला वाहायचं, असा विचार करून त्यांनी ललिता आणि करिश्मा या दोघी जावांना ज्वारीच्या भाकरी थापायला ठेवलं. तव्यावरून थेट ताटात. मग जानरावांना आणि इतरांना एकेक करून फोन केले, की शिदोरी आणू नका, गरम भाकर आहे.

हॉटेल तिकडे हलल्यावर दोन महिने त्यांच्यापैकी कोणी आलं नाही. क्लासची मुलं मात्र भाकरीवर तुटून पडली.

तिसऱ्या महिन्यात जानराव आले. थैली मांडीवर धरून बसले, दोन भाकरी खाल्ल्या, ललिताच्या हाताची तारीफ केली आणि उठले. गफ्फारचाचा त्यांना ऑटोपर्यंत सोडायला गेले.

"थैलीत काय हाय?"

"भाकर."

"मंग सोडली कावून नाई?"

जानराव ऑटोवाल्याकडे पाहत म्हणाले, "तुह्या हाटेलात बाया भाकर थापून राहिल्या. त्यायच्यासमोर मी माही सोडली तं त्यायले वाटन, आपल्या भाकरीत खोट हाय. अन् तशीच वापस नेली तं आशा इचारते. आता गाडीत खातो. दोन जेवणं झाली लेका तुह्यापायी."

"बाकीचे कावून येत नाईत?"

"ते माह्यासारखे खादाड नाईत."

त्या संध्याकाळी गफ्फारचाचांनी फरदीनला दुपारची भाकर बंद करायला सांगितलं. फरदीननं ऐकून घेतलं आणि नाही म्हणाला. भाकरीवरच हॉटेल चाललं होतं, आणि दोन बायकांचा रोजगार तिच्यावर होता. गफ्फारचाचांना हेही पटलं. तिसऱ्या दिवशी बाजार समितीच्या मागच्या फाटकासमोर टिनाचं एक शेड पाहून आले. मालाच्या गाड्या घेऊन येणारी माणसं तिथं अजून सावलीत बसून शिदोरी सोडतात. तिथं फक्त रस्सा ठेवायचा असं ठरवून त्यांनी शेड भाड्यानं घेतलं.

त्यांच्या बायकोला, बिल्कीसचाचींना, ते काही आवडलं नाही. "एक हंडी में धंदा होता क्या कहीं?"

"धंदा फरदीन देखेगा," ते म्हणाले.

ललितानं मात्र थट्टा केली, "चाचा, भाकर नाई, पोयी नाई, त्याले हाटेल कोन म्हनन?" त्यांनी तिला सांगितलं की न म्हणेना का कोणी.

पहिल्या बुधवारी चार जण आले. दोन बाकं होती, ती पुरली. जानरावांनी फडकं सोडलं, भाकर मोडली, रस्स्यात बुडवली आणि घास गिळून म्हणाले, "मीठ जास्त झालं, गफ्फार."

"मंग भाकर अळणी आणाची होती."

"तिच्यात मीठ राहत असते काय?"

"मंग दोन आणखी आणाच्या."

बाजार समितीत माल मोजणारा एक तरुण मापाडी डोकावून रोटी मागू लागला. रोटी मिळत नाही हे ऐकून तो समोरच्या गाडीवर गेला, पाव घेऊन परत आला आणि बाकाच्या टोकाला बसला. गफ्फारचाचांनी त्याच्यापुढेही रिकामी ताटली ठेवली.

तीन वाजेपर्यंत आणखी कोणी आलं नाही. अर्धा गंज उरला. त्यांनी तो फडक्यानं बांधून ऑटोत ठेवला आणि विद्यापीठाच्या रस्त्यावर नेला. तिथं मुलांनी तो गरम भाकरीबरोबर संपवला. मीठ जास्त आहे असं कोणी म्हटलं नाही.