दिलवरचा हात

हे मी बायकोजवळ बोललेलो नाही. नाना, माझे वडील, गेले, त्यांच्याजवळही बोललो नाही. तुमच्याजवळ बोलतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखत असाल तर यानंतर कदाचित ओळख दाखवणार नाही. दोन्ही चालेल.

सुरुवात कुठून करू? शॉकअपपासून करतो. तेवढंच मला नीट सांगता येतं.

शर्यतीच्या मोटारसायकलींचे शॉकअप बनवणाऱ्या एका कारखान्यात मी इंजिनियर आहे. तुमच्या-माझ्या गाडीतला शॉकअप खड्डा आला की कंबर वाचवतो. शर्यतीतल्या शॉकअपचं काम निराळं. गाडी उडाली, आदळली, तरी त्यानं मागचं चाक जमिनीला धरून ठेवायचं. चाक जमिनीवर असलं तरच स्वाराच्या हाताला काही अर्थ. आमच्या शॉकअपच्या पोटात तेल असतं, शेजारी वायूची लहानशी खोली, आणि मध्ये एक सील. ते सील फाटलं की वायू तेलात शिरतो, तेलाचा फेस होतो. मग शॉकअप ऐन वेळी हात सोडून देतो.

म्हसावदला आमच्या नानांचं दुचाकीचं गॅरेज होतं. दिलवर तिथे यायचा. वर तोरणमाळच्या बाजूला, सातपुड्यातल्या पाड्यावरचा पावरा आदिवासी. आईबाप लहानपणीच गेलेले. थोरल्या बहिणीनं, रुमलीबाईनं त्याला वाढवलं. तिचा नवरा गुजरातेत ऊसतोडीला गेला तो परत आलाच नाही, म्हणून ती आपल्या मुलीला घेऊन भावाकडेच राहायची. दिलवर आणि मी एका वयाचे. गॅरेजच्या पायरीवर बसून आम्ही तासन्‌तास गाड्यांवर बोलायचो. घाटातली दगडगोट्यांची उतरण, जिथे लोक गाडी ढकलत नेतात, तिथून तो उभ्यानं गाडी उतरवायचा. गुजरातेतल्या मातीवरच्या शर्यतींत त्याचं नाव होऊ लागलं होतं. नाना कुणाचं कौतुक करणारे नव्हते, पण त्याच्याबद्दल मला म्हणाले होते, “याना हात देख. असा हात शिकाडीसन येत नही.”

मी स्वतः आखलेला पहिला शॉकअप तयार झाला, तेव्हा एका शर्यतीच्या संघानं तो चालवून बघायचं ठरवलं. मी हट्टानं सांगितलं, आमच्याकडे या. राणीपूरच्या पुढे अशी वाट दाखवतो की शॉकअपची परीक्षा होईल. आणि स्वार? स्वार माझा दिलवर. त्याला फोन केला तर त्यानं काही विचारलंच नाही. मी बनवलंय म्हटल्यावर विचारायचं काय?

ती सकाळ सांगायला हवी. पण तिच्याजवळ आलो की मी असाच थबकतो.

संघाचे लोक गाडीतून आले होते. रुमलीबाईनं सगळ्यांसाठी मक्याच्या भाकरी आणि लसणाची चटणी करून आणली होती. भावाची गाडी बघायला ती खडकावर बसली होती. पहिला फेरा सुरेख झाला. दुसऱ्या फेऱ्याला तर संघाचा मुख्य माणूस चहाचा कप खाली ठेवून उभाच राहिला. दिलवर परत आला, गाडी माझ्यासमोर थांबवली, आणि हळूच म्हणाला, “भाऊ, मांगे जरासं ढिलं वाटस.”

मी वाकलो. शॉकअप तापला होता. वायूच्या खोलीच्या तोंडाशी तेलाचा पातळ थर आला होता. सील गेलं होतं — मला कळलं. नंतर कळलं असं नाही, तेव्हाच कळलं. कारखान्यात चाचणीच्या यंत्रावर तो एकदा तापल्यावर असाच ढिला पडला होता, आणि मी स्वतःची समजूत घातली होती की तेल भरताना काहीतरी चुकलं असेल. आता समजूत घालायला जागा नव्हती. ‘थांबू या’ एवढंच म्हणायचं होतं. लाज वाटली असती. ती माणसं गाडीत बसून निघून गेली असती. आणखी काय झालं असतं?

मी खिशातलं फडकं काढलं आणि तेल पुसलं. कुणाला दिसू नये असं, पाठमोरा होऊन.

“बरं शे,” मी म्हणालो. “जा.”

आणि तो गेला.

वरून बघताना मला दिसलं — उतारावर मागचं चाक एकदा उसळलं, दुसऱ्यांदा उसळलं, तिसऱ्यांदा खाली आलंच नाही. रुमलीबाई माझ्याआधी पळाली होती. अनवाणी. मी पोचलो तेव्हा त्याचं डोकं तिच्या मांडीवर होतं, आणि मांडीचं हाड मोडलेला त्याचा पाय विचित्र पडला होता. तिनं माझ्याकडे पाहिलं, ते मदतीसाठी. संशयाचा लवलेशही नव्हता त्या नजरेत.

तुम्हाला वाटेल, हाच तो गुन्हा. नाही. म्हणजे हाही आहेच. पण ज्यासाठी हे सांगायला बसलो तो पुढचा आहे.

शहाद्याच्या दवाखान्यात पायात सळई घातली. शुद्धीवर आल्यावर दिलवर मला पुन्हा पुन्हा एकच विचारत होता. मी असा कसा पडलो? मागचं चाक का उठलं? त्याला दुखत होतं त्यापेक्षा हे कळत नव्हतं, त्याचा त्रास जास्त होता. “सांग ना भाऊ, तू तं देखी ऱ्हायंता.”

हो, मी बघत होतो. खोलीत संघाचा माणूस उभा होता. कारखान्याचे आमचे साहेब उभे होते. पण खरं सांगू? ते नसते तरी मी तेच बोललो असतो.

“तू बिरेक उशिरा दाबा,” मी म्हणालो.

त्यानं उजवा हात वर केला. तळवा उलटासुलटा करून पाहिला. मग मान डोलावली. “असं व्हई. मन्हाच हात चुकना.” आणि साहेबांकडे वळून मोडक्या मराठीत त्यानंच सांगितलं की शॉकअप चांगला आहे, माझ्या मित्राचा दोष नाही.

कारखान्यात परत आल्यावर मी तो शॉकअप एकट्यानं उघडला. सील कडेनं कापल्यासारखं फाटलेलं. मी आखणी बदलली, सीलची जागा बदलली, आणि विचारलं तेव्हा म्हणालो, सुधारणा सुचली. संघानं तो घेतला. त्यावर लोक जिंकले, अजून जिंकतात. वरची जागा मला त्याच शॉकअपमुळे मिळाली. टाळ्या वाजल्या तेव्हा मी हसलो होतो, फोटोत दिसतं.

दिलवरचा पाय जुळून आला. थोडा लंगडतो, एवढंच. डॉक्टर म्हणाले होते, गाडी चालवायला हरकत नाही. पण तो बसलाच नाही. गाडी दारात उभी असायची आणि हा बाजाराला चालत उतरायचा. मी भेटायला गेलो की म्हणायचो, अरे हळूहळू सुरू कर, पुन्हा जमेल. मीच म्हणायचो हे. तो हसून नाही म्हणायचा. पाय नाही म्हणत नाही, भाऊ — असं तो म्हणाला होता एकदा — हातावर भरवसा राहिला नाही. आणि मी त्याच्या घरची भाकरी खाऊन परत यायचो.

एवढ्यावर थांबलं असतं तर कदाचित मी तेही पचवलं असतं. माणूस काय पचवू शकतो हे मला आता माहीत आहे.

मागच्या हंगामात ज्वारी काढताना रुमलीबाईला घोणस चावली. दुपारची वेळ. बाजाराचा दिवस, पाड्यावरची एकुलती जीप खाली गेलेली. सुनीता — तिची मुलगी — शहाद्याला नर्सिंग शिकत होती, घरी नव्हती. दारात दिलवरची गाडी होती. शेजाऱ्यानं त्याच्या हातात किल्ली दिली, मागे तिला धरून बसतो म्हणाला. पाड्यावर दुसऱ्या कुणाला तो उतार मोटारसायकलवर झेपत नव्हता. दिलवर गाडीवर बसला, गाडी सुरू केली, आणि बंद करून उतरला.

मग चौघांनी तिला झोळीत घालून खाली नेलं. दवाखान्यात पोचेपर्यंत उशीर झाला होता.

मी दहाव्याला गेलो. तो दारासमोर उकिडवा बसला होता. मला बघून जागा करून दिली. मी बसलो. मग तो बोलू लागला, माझ्याकडे न बघता. तिनं त्याला गाडीवर बसायला सांगितलं होतं म्हणे. झोळीत घालतानासुद्धा सांगत होती — तू ने, तू नेशील.

“मी तिले पाडी देतू, भाऊ,” तो म्हणाला. “तू तं देखेल शे मन्हा हात.”

सांगायची वेळ हीच नव्हती का? माझ्या तोंडात शब्द तयार होते. तेल पुसलं मी. तू ढिलं आहे म्हणालास, आणि तू बरोबर होतास. तुझा हात कधीच चुकला नव्हता. पण ते ऐकून त्याला दुसरं काय ऐकू आलं असतं? की तो तिला नेऊ शकला असता. हे त्याच्या भल्यासाठी मी गिळलं असं म्हणावंसं वाटतं. पण तसं नाही. मी घाबरलो. पूर्वी घाबरलो होतो तसाच. वेळेवर पोचली असती तर ती वाचली असती का, हे कुणी सांगू शकत नाही. मी त्या प्रश्नाच्या आडही लपत नाही.

आता सुनीताला वरच्या पाड्यांवर नर्सचं काम मिळालं आहे. गाडीशिवाय ते होणार नाही. दिलवरनं मला फोन केला. म्हणाला, भाचीला मी शिकवणार नाही, माझी चूक तिच्या हातात उतरेल. तू शिकव. तुला कळतं.

आणि मी शिकवलं. म्हसावदला बाजाराच्या मोकळ्या मैदानात, सलग काही रविवार. दिलवर निंबाच्या सावलीत बसून असायचा. सुनीता हुशार आहे. शेवटच्या रविवारी ती वेगात आली, मी हात दाखवला आणि तिनं नेमक्या जागी गाडी थांबवली. दिलवर उठून लंगडत तिच्याजवळ गेला. तिच्या उजव्या हातावर त्यानं हात ठेवला.

“असाच दाबजो,” तो म्हणाला. “भाऊ सांगस तव्हाच. मी नही दाबा, म्हणीसन तुन्ही माय गयी.”

ती रडायला लागली. मी तिथेच उभा होतो, त्या दोघांपासून दोन पावलांवर. मी तिला म्हणालो, चल, अजून एक चक्कर मार.