पिकलेली लोंबी

पळस्पे फाट्यावर खिडक्यांचे लोखंडी ग्रिल बनवणाऱ्या त्या माणसाला मी कधी बसलेलं पाहिलं नाही. चहासुद्धा तो उभ्यानंच प्यायचा, दुसऱ्या हातानं एखादी पट्टी ठोकून तिचा आवाज ऐकत. त्याच्यासमोर मलाच खुर्चीत बसवेनासं व्हायचं. आधी लोहाराकडे, मग तांबटाकडे, मग मोरा बंदरात होड्यांच्या कामावर, असा तो शिकत फिरला होता. "हात शिकला का पाय थांबत नाय, वैनी," म्हणायचा.

खांदा कॉलनीतल्या माझ्या खिडकीसाठी मी साधे चौकोन सांगितले होते. त्यानं मधोमध भाताची लोंबी घडवली. बसवून गेला. मला आवडलीही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो लोखंड तापवायची गॅसची टाकी घेऊन दारात हजर.

"चुकलंय माजं. लोंबी ताठ झालीय. पिकलेली लोंबी वाकते. ताठ म्हंजे पोचट, आत दानाच नाय."

समोर त्याच्याच गावच्या शेतांवर डंपर मातीचा भराव ओतत होते. मी वैतागून म्हटलं, "अहो, आता इथे कुणाला कळणार आहे?"

"म्हनूनच तर," तो म्हणाला, आणि लोंबी लाल होईपर्यंत त्यानं ज्योत हलवली नाही.